अल-अहसा : वाळवंटातली अमानत

उमराची प्रवासवर्णने आपल्या मासिकात अधूनमधून येतात आणि घरोघरी आवडीने वाचली जातात. मक्का-मदिनेविषयी माझ्या आधी अनेकांनी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मी आज लिहिणार आहे ते उमरा आटोपल्यावर पाहिलेल्या एका गावाविषयी. आपल्या लातूर-नांदेडचे यात्रेकरू तिकडे फारसे जात नाहीत. गावाचे नाव अल-अहसा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वाळवंटातल्या हिरव्या जागेला मराठीत ‘मरूद्यान’ म्हणतात आणि उर्दूत ‘नखलिस्तान’. पाठ्यपुस्तकातले चित्र मात्र दोन्हीकडे एकच असते : एक लहानसे तळे, तीन-चार खजुरीची झाडे आणि पाणी पिणारा उंट. वीस वर्षे मी हेच चित्र मुलांना दाखवत आले. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, “टीचर, वाळवंटात पाऊस पडत नाही, मग तळ्यात पाणी कुठून येतं?” मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर मला अहसात मिळाले. त्यासोबत आणखी एक गोष्ट मिळाली, जी घेऊन घरी परतणे जड गेले.

दम्मामहून हुफूफ

माझा धाकटा भाऊ दम्माममध्ये नोकरीला आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे मिस्टर आणि अम्मी असे तिघे उमराला गेलो. मदिनेची जियारत झाल्यावर भावाने हट्टाने बोलावून घेतले. दम्मामहून नैऋत्येला साधारण दीडशे किलोमीटरवर हुफूफ लागते. हुफूफ आणि त्याला लागून असलेले मुबर्रज ही अहसाची दोन मोठी शहरे.

रस्ता अगदी सरळ. दोन्ही बाजूंना पिवळी वाळू, विजेचे खांब, तेलाच्या पाइपलाइनी, मध्येच उंटांचा एखादा कळप. जगातले सर्वात मोठे तेलक्षेत्र घवार इथेच जवळ जमिनीखाली पसरलेले आहे. अम्मी खिडकीतून बघत होती. तिचे सगळे आयुष्य नांदेडला गोदावरीच्या काठी गेले. ती म्हणाली, “या अल्लाह, इथं माणसं राहतात कशी?”

तासाभराने दूरवर एक काळपट रेघ दिसू लागली. मला वाटले, डोंगर असेल. जवळ गेल्यावर कळले, ती खजुरीची झाडे आहेत. मग झाडे सुरू झाली ती संपेचनात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, बागांना मातीच्या बुटक्या भिंती, भिंतींमधून बोळ. पुस्तकातले तळे आणि तीन-चार झाडे कुठल्या कुठे गेली! इथे सुमारे २५ लाख खजुरीची झाडे आहेत. युनेस्कोने २०१८ मध्ये अहसाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जगातले सर्वात मोठे मरूद्यान म्हणून ते ओळखले जाते. वारसा क्षेत्रच जवळपास साडेआठ हजार हेक्टर आहे.

बागेचे तीन मजले

भावाच्या ओळखीच्या एका वयस्कर सौदी गृहस्थांची बाग आहे. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. बागेत पाऊल टाकताच हवा बदलली. बाहेर ऊन चटकत होते, आत ओलसर गारवा.

या बागा तीन मजल्यांच्या असतात. सर्वात वर खजूर. तिच्या सावलीत लिंबू, अंजीर, डाळिंब. आणि जमिनीवर भाजीपाला किंवा जनावरांसाठी लसूणघास. खजुरीने ऊन अडवले म्हणून लिंबू जगते, लिंबाने जमीन झाकली म्हणून घास जगतो आणि एकाच पाण्यात तिन्ही पिके निघतात. आपल्याकडे अर्धापूरच्या केळीच्या बागेत शिरल्यावर असाच गारवा लागतो, पण ती गोदावरीच्या खोऱ्यातली काळी जमीन आहे. इथे बागेच्या भिंतीपलीकडे वाळू आहे आणि वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्या लातूर जिल्ह्यात सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, हे माझ्या मनात तेव्हाच येऊन गेले.

खजुरीला फळ धरण्यासाठी माणसाची मदत लागते. नर झाडाचा फुलोरा काढून मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने बांधावा लागतो आणि त्यासाठी दर वर्षी माणूस कमरेला पट्टा बांधून झाडावर चढतो. म्हणजे ही २५ लाख झाडे आपोआप वाढलेले जंगल नव्हे. प्रत्येक झाडामागे पिढ्यान्पिढ्यांचे हात आहेत. मालकांनी आम्हाला ‘खलास’ जातीचे खजूर आणि अरबी कहवा दिला. अहसाचा खलास साऱ्या आखातात नावाजलेला. मऊ, मधाच्या रंगाचा, गोड असूनही घशाला न बसणारा.

बागेत पाणी देणाऱ्या माणसाने आम्हाला मराठीत बोलताना ऐकले आणि फावडे टाकून धावत आला. “तुम्ही कुठले, मॅडम?” तो आपल्या मुखेड तालुक्यातला निघाला. गावी तीन एकर कोरडवाहू जमीन. वडिलांनी दोनदा बोअर पाडले, दोन्ही वेळा फक्त धूळ निघाली. डोक्यावर कर्ज झाले, म्हणून तो इकडे आला. तो हसतहसतच सांगत होता, “घरच्या जमिनीला पाणी नव्हतं मॅडम, आता दुसऱ्याच्या झाडाला देतो. आठवड्यात आमच्या बागेची पाळी ठरलेली आहे. पाळी चुकवली तर खैर नाही.”

पाळी हा शब्द तिथेच माझ्या डोक्यात बसला.

जुवासाचा जुमा

दुसऱ्या दिवशी जुमा होता. अहसात जुम्याच्या दिवशी जुवासाला जाण्यासारखी दुसरी गोष्ट नाही.

हुफूफच्या ईशान्येला काही किलोमीटरवर जुवासाची मशीद आहे. इथे बनी अब्दुल कैस या कबिल्याची वस्ती होती. त्या काळी या सगळ्या किनारपट्टीला बहरीन म्हणत. हे लोक कोणत्याही लढाईशिवाय, स्वखुशीने इस्लाममध्ये आले आणि त्यांनी हिजरी सन ७ च्या सुमारास ही मशीद बांधली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. तिचा आशय असा की, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मशिदीत जुमा सुरू झाल्यानंतर पहिला जुमा जुवासाच्या या मशिदीत झाला. मदिनेहून आम्ही नुकतेच आलो होतो. या रिवायतीतल्या दोन्ही जुम्यांच्या जागा एकाच प्रवासात पाहायला मिळाल्या, अल्हम्दुलिल्लाह.

आजची मशीद नव्याने उभारलेली आहे. जुन्या बांधकामाचा थोडाच भाग शिल्लक आहे. मातीच्या रंगाच्या भिंती, लहान कमानी, वर काहीही भपका नाही. हरमचा झगमगाट डोळ्यांत असताना ही साधी मशीद पाहून अम्मीला रडू आले. म्हणाली, “ही आपल्या गावच्या जुन्या मशिदीसारखी आहे.”

याच कबिल्याचे शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हाची एक हदीस मी मुलांना नेहमी सांगते. बाकीचे लोक उत्साहाच्या भरात प्रेषितांकडे (स.) धावले. त्यांचे सरदार अशज्ज मात्र शांतपणे थांबले, सामान आणि जनावरे नीट लावून मग हजर झाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, तुमच्यात अल्लाहला आवडणारे दोन गुण आहेत, सहनशीलता आणि सबुरी. आजवर हा किस्सा मी एका माणसाच्या स्वभावाचा म्हणून सांगत होते. अहसा पाहिल्यावर वाटले, पाण्याच्या पाळीवर जगणाऱ्या लोकांना हे दोन गुण नसते तर त्यांचे गाव एका उन्हाळ्यातच भांडून संपले असते.

सात तोंडांचा झरा

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. अहसाचे पाणी आले कुठून?

हजारो वर्षांपूर्वी अरबस्तानात आजच्यापेक्षा पुष्कळ पाऊस पडत असे. ते पाणी चुनखडीच्या थरांत मुरले, जमिनीखालून हळूहळू पूर्वेकडे सरकत आले आणि अहसात त्याला वर यायला वाट मिळाली. म्हणून इथे मोठमोठे झरे होते. उम्म सबआ, खुदूद, हारा, ऐन नज्म अशी त्यांची नावे. काहींचे पाणी गरम, काहींचे कोमट. उम्म सबआ म्हणजे सातांची आई. या झऱ्याचे पाणी सात पाटांतून बागांकडे जात असे, म्हणून हे नाव पडले.

बागेचे मालक संध्याकाळी आम्हाला तिथे घेऊन गेले. ते अरबीत सांगत, भाऊ आम्हाला उलगडून सांगे. त्यांच्या लहानपणी पाणी इतक्या जोराने उसळत असे की पोरे वरून उडी मारायची आणि पाणीच त्यांना वर फेकायचे. बायका कपडे धुवायच्या, काफिले मुक्काम करायचे. पंप नव्हता, दोर नव्हता, मोट नव्हती. पाणी आपणहून यायचे.

मी विचारले, “आणि आता?”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग हाताने खाली जमिनीकडे खूण केली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल विहिरी आल्या, यंत्रे आली. ज्याच्याकडे पैसा, त्याने आपल्या बागेत विहीर पाडली. सरकारने १९७१ मध्ये सिमेंटच्या कालव्यांची मोठी योजना पूर्ण केली आणि पाण्याचे वाटप सुधारले, पण जमिनीखालचे पाणी उपसणे थांबले नाही. शहरे वाढली, शेती वाढली. झऱ्यांचा जोर कमी होत गेला आणि शतक संपेपर्यंत बहुतेक झऱ्यांचे आपोआप वाहणे बंद झाले. हजारो वर्षे वाहिलेले पाणी एका माणसाच्या आयुष्यात थांबले. शेजारी जगातले सर्वात मोठे तेलक्षेत्र आहे, पैशाला तोटा नाही, तरी झरा काही विकत मिळाला नाही.

मालक म्हणाले, “आम्ही कोणी वाईट माणसं नव्हतो. प्रत्येकाने फक्त आपल्या बागेपुरतं पाणी काढलं.”

हे ऐकले आणि मला आमच्या लातूरच्या घराचे अंगण आठवले.

आमचा बोअर आणि खालांचा आड

हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगते.

लातूरला आमच्या शेजारी एक खाला राहतात. त्यांच्या अंगणात जुना दगडी आड होता. सात-आठ परस खोल. मोहल्ल्यातली पाच-सहा घरे त्यावर पाणी भरायची. लग्न होऊन आले तेव्हा मीही भरले. खालांनी कधी कोणाला नाही म्हटले नाही. फक्त वापराच्या पाण्याची वेळ ठरलेली होती, सकाळी दोन घरे, असरनंतर दोन घरे. रमजानमध्ये सहरीच्या वेळी मात्र ज्याला लागेल त्याने घ्यावे.

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात बोअर घेतला. साडेचारशे फूट. पाणी लागले तेव्हा मिठाई वाटली, खालांनाही दिली. पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांचा आड आटला. दुष्काळाची वर्षे होती, बाकीच्यांनीही बोअर घेतले होते, त्यामुळे कोणी आमच्याकडे बोट दाखवले नाही. आम्ही मात्र मोटार चालू करायचो, टाकी भरायचो आणि फाटक लावून घ्यायचो.

मग २०१६ आले. लातूरकरांना ते वर्ष वेगळे सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलला पहिली ‘जलदूत’ गाडी पोहोचली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. साऱ्या देशाने टीव्हीवर ते पाहिले. आमचा बोअरही तोपर्यंत आटला होता. रांगेत मी उभी होते आणि माझ्या मागे खाला उभ्या होत्या, दोन रिकाम्या घागरी घेऊन. वय सत्तरीच्या पुढे. मी म्हटले, “खाला, तुम्ही पुढे या.” त्या पुढे आल्या नाहीत. फक्त एवढेच म्हणाल्या, “पानी तो अल्लाह का था बेटी, बोअर तुम्हारा था।”

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य नऊ वर्षे माझ्यासोबत राहिले. हुफूफच्या त्या कोरड्या झऱ्याच्या काठावर ते पुन्हा ऐकू आले.

मराठवाड्याचा दगड काळा बेसाल्ट आहे. अहसासारखे हजारो वर्षांचे साठवलेले पाणी आपल्या पायाखाली नाही. भेगांमध्ये मुरते तेवढेच पावसाचे पाणी. ते एकाने ओढले की दुसऱ्याच्या आडातले जाते. आणि तरी आपण उसालाही तेच देतो, टाकीलाही तेच आणि गाडी धुवायलाही तेच. सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखाला रेल्वेने पाणी आणावे लागते आणि १०० मिलिमीटरच्या आतल्या मुलखात २५ लाख झाडे उभी आहेत, याचा विचार करायला हवा.

झाडे अजून उभी कशी?

झरे थांबले, मग बागा कशा टिकल्या? हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर ऐकून अम्मीने हातातला खजूर खाली ठेवला.

आता बागांना मिळणाऱ्या पाण्यात शहराचे सांडपाणीही असते. ते तीन टप्प्यांत शुद्ध करून कालव्यांत आणि नळ्यांत सोडतात. अम्मी म्हणाली, “गटाराचं पाणी? खजुरांना?” तिची शंका अनेक वाचकांनाही येईल. या प्रश्नावर सौदीतील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ मध्येच विचार केला होता. पाणी पूर्णपणे शुद्ध होऊन त्याचा रंग, चव आणि वास मूळ पाण्यासारखा झाला आणि आरोग्याला अपाय नसला, तर ते पाक मानता येईल, असा त्यांचा निर्णय आहे. हे ऐकल्यावर अम्मीने “बिस्मिल्लाह” म्हणून तो खजूर उचलला.

बागांतून झिरपून जाणारे खारट पाणीही एका बाजूला वाळूच्या टेकड्यांमध्ये साठते. त्याला ‘असफर’ म्हणजे पिवळा तलाव म्हणतात. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. आम्ही मावळतीला गेलो होतो. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये बोरूचे रान आणि पाखरांचा कलकलाट. वापरून झालेल्या पाण्यावरही अल्लाहने इतक्या जिवांची रोजी ठेवली आहे.

पाणी वाटून घेण्याची शिस्त फक्त अहसाची नाही. शेजारच्या ओमानमध्ये ‘अफलाज’ नावाचे पाट आहेत. तिथे पाण्याची पाळी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत असत. आधी पिण्याचे पाणी, मग मशिदीचे, शेवटी शेतीचे, असा क्रम ठरलेला. आपल्या महाराष्ट्रात धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे तेही मिळून ठरवायचे. आणि आपल्या मराठवाड्याचे उदाहरण द्यायचे तर मलिक अंबर यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादला, तेव्हाच्या खडकीला, नहर आणली. ते पाणी सगळ्या शहराचे होते. या जुन्या लोकांना ठाऊक होते की पाणी मालकीचे नसते, सांभाळायला दिलेले असते. आपल्या भाषेत त्याला अमानत म्हणतात.

पाहण्याजोगे आणखी काही

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते.

करा डोंगर : हुफूफपासून जवळ. डोंगर वाऱ्या-पाण्याने कोरला जाऊन आत उंच, अरुंद गुहा झाल्या आहेत. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा असतो. तिकीट काढावे लागते. वृद्धांनाही बराच भाग चालता येतो. पायथ्याशी मातीची भांडी घडवणाऱ्यांची जुनी कार्यशाळा आहे. कुंभाराचे चाक पाहून आपल्या गावची आठवण येते.

कैसरिया बाजार : हुफूफमधला जुना छताचा बाजार. २००१ मध्ये तो जळाला होता, नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला. अत्तर, मसाले, चपला आणि अहसाचा प्रसिद्ध ‘बिश्त’, म्हणजे जरीकाठाचा झगा, इथे मिळतो. इथला लाल हसावी तांदूळही घेण्यासारखा आहे. महाग आहे, पण चवीला वेगळा.

इब्राहिम महाल : तटबंदी आणि घुमटाची मशीद. मशीद सोळाव्या शतकातली, तुर्की अमलातली. जवळच अहसाची पहिली सरकारी शाळा आहे, साधारण १९४० च्या आसपास सुरू झालेली. आता तिथे संग्रहालय आहे. शिक्षकांनी जरूर पाहावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मात्र झाडावरचा ताजा खजूर पाहायचा असेल तर उन्हाळ्यातच जावे लागेल. रियाध-दम्माम रेल्वे हुफूफला थांबते. उमराच्या व्हिसावर आता मक्का-मदिनेबाहेरच्या शहरांतही फिरता येते, तरी नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी आपल्या टूरवाल्यांकडून खात्री करून घ्यावी. दोन दिवस पुरेसे आहेत.

घरी परतल्यावर

मदिनेत आम्ही हजरत उस्मान (रजि.) यांची विहीर पाहिली होती. मुसलमानांना पाणी विकत घ्यावे लागत होते, तेव्हा त्यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. बसमध्ये सगळ्यांनी सुबहानअल्लाह म्हटले, मीही म्हटले. तेव्हा मला आमचे बंद फाटक आठवले नव्हते. ते आठवायला अहसाचा आटलेला झरा पाहावा लागला.

परतल्यावर जमजम आणि खलास खजुरांचा डबा घेऊन मी खालांकडे गेले. जमजम प्यायल्यावर त्यांनी विचारले, “मदिनेत माझ्यासाठी दुआ केलीस?” मी म्हटले, केली. मग मी आडाचा विषय काढला. माफी मागितली. त्या खजुराची बी हातात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “आता त्या आडात काय आहे बेटी? पालापाचोळा आहे.”

उन्हाळ्यात आम्ही दोन कामे केली. आमच्या बोअरला पाऊसपाण्याने पुन्हा पाणी लागले आहे, त्याचा एक नळ फाटकाबाहेर काढला. सकाळी एक तास आणि असरनंतर एक तास तो सगळ्यांसाठी चालू असतो. वेळा खालांनीच ठरवल्या, त्यांच्या जुन्याच. आणि दोन्ही घरांच्या छतांचे पावसाचे पाणी नळीने आणून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून खालांच्या आडात सोडले. आधी मोहल्ल्यातल्या पोरांनी आड उपसून गाळ काढला. तीन ट्रॉल्या गाळ निघाला, आणि एक तांब्याही. खालांनी तो ओळखला.

या पावसाळ्यात आडात अर्धा परस पाणी आले. ते उन्हाळ्यापर्यंत टिकेल की नाही, सांगता येत नाही. पण श्रावणातल्या एका पावसात खाला काठी टेकत आल्या, आडात वाकून पाहिले, दोर सोडून एक घागर भरली आणि ती माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

त्या सातवीतल्या मुलीचे शिक्षण आता पूर्ण झाले असेल. यंदा मी वर्गात मरूद्यानाचे चित्र दाखवले, तेव्हा मुलांना सांगितले की यात एक गोष्ट काढायची राहिली आहे, पाण्याच्या पाळीसाठी थांबलेली माणसे. मुलांनी वहीत ती काढली. एका मुलाने रांगेत टँकरही काढला. मी तो खोडायला सांगितला नाही.

अल्लाह आपल्या मुलखावर रहमतीचा पाऊस पाडो, आणि पडलेल्या थेंबाची अमानत सांभाळण्याची समज आपल्या सर्वांना देवो. आमीन.